सबवूफर (सुवाह्य ध्वनियंत्रणेतील)

सबवूफर : श्राव्य पट्ट्यातील सर्वांत खालच्या, म्हणजे साधारणपणे २० ते १०० हर्ट्‌झ कंप्रतेच्या स्वरांसाठी स्वतंत्रपणे बांधलेला ध्वनिक्षेपक. टेंपोतून नेऊन कार्यक्रमाच्या जागी उभारता येणाऱ्या सुवाह्य ध्वनियंत्रणेत तो ‘टॉप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वरच्या पेट्यांच्या जोडीने वापरतात. महाराष्ट्रातील साउंडवाले त्याला नुसते ‘बेस’ म्हणतात.

सबवूफरचा उगम कोठे मानावा, याबद्दल एकवाक्यता नाही. पेटंटाचा आधार घ्यायचा, तर कॅलिफोर्नियातील रेमन डोन्स यांना १९६४ मध्ये मिळालेल्या पेटंटाकडे बोट दाखवले जाते. मात्र त्यांचे यंत्र घरगुती स्टिरिओला पूरक म्हणून कल्पिलेले होते. आर्नल्ड नुडेल यांच्या ‘सर्वो-स्टॅटिक’ संचातील १८ इंची बेस हाही त्याच दशकातला आणि घरगुतीच. मोठ्या जनसमुदायापुढील वापर पाहता १९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी चित्रपटगृहांत बसवलेली ‘सेन्सराउंड’ (प्रेक्षकांना खर्जाची थरथर जाणवून देणारी) योजना आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या डिस्कोथेकांत ॲलेक्स रोझनर व रिचर्ड लाँग यांनी उभारलेल्या यंत्रणा अधिक महत्त्वाच्या ठरतात. तथापि ‘सुवाह्य’ या शब्दावर भर दिला, तर जमैकातील किंग्स्टन शहराचा दावा डावलता येत नाही. तेथे साधारणपणे १९५० च्या आगेमागे कपाटाएवढ्या बेस-पेट्या गाडीवर लादून उघड्या जागेत नाचाच्या मैफली भरवल्या जात. सबवूफर हा शब्द त्या पेट्यांना कोणी लावत नसे आणि वाजवल्या जात त्या तबकड्या, प्रत्यक्ष वादन नव्हे, हे आक्षेप खरे आहेत. तरी पेटी उचलून नेणे आणि खर्ज अंगाला जाणवेल इतका मोठा करणे ही दोन्ही उद्दिष्टे तेथे एकत्र आली, हे प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने निर्णायक मानणे योग्य वाटते.

खर्जाचा आणि सुवाह्यतेचा मुळात विरोध आहे. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे ४१ हर्ट्‌झ असते आणि हवेत तिची तरंगलांबी आठ मीटरांहून अधिक भरते. तोच आवाज एक सप्तक खाली तितक्याच तीव्रतेने काढायचा असेल, तर ध्वनिक्षेपकाच्या शंकूला (पुढेमागे हलून हवा ढकलणाऱ्या पडद्याला) चौपट हवा ढकलावी लागते. म्हणून शंकू मोठा (बहुधा १८ इंची) आणि पेटीही मोठी. लहान पेटी, खोल खर्ज व उच्च कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत, हा जोसेफ अँटन हॉफमन यांचा ‘लोहनियम’ या संदर्भात नेहमी सांगितला जातो. पेटीला भोक ठेवून खर्ज वाढवण्याची रीत जुनीच होती. परंतु शंकू, पेटीचे घनफळ आणि भोक यांचा मेळ आधी गणिताने घालून मग सुतारकाम करणे शक्य झाले ते ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील (१९६१) आणि रिचर्ड स्मॉल (१९७० चे दशक) यांच्या निबंधांमुळे. कर्ण्याच्या पद्धतीच्या पेटीत कार्यक्षमता जास्त मिळते, पण ४० हर्ट्‌झसाठी कर्ण्याची वाट दोन मीटरांहून लांब लागत असल्याने ती आतल्या आत दुमडावी लागते. पेट्यांचे वजन अलीकडे घटले, ते मुख्यतः निओडिमियम चुंबक व ‘डी’ वर्गाचे (वीज फारशी वाया न घालवणारे) ध्वनिवर्धक यांच्यामुळे. घनफळ मात्र फारसे घटलेले नाही.

मांडणीचा प्रश्न ध्वनिक्षेपकाच्या निवडीइतकाच कळीचा आहे. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना एकेक बेस ठेवण्याची रूढ पद्धत दिसायला नीटनेटकी असली, तरी तिच्यामुळे मैदानात खर्जाचे पट्टे पडतात. ५७ हर्ट्‌झची तरंगलांबी सहा मीटर असल्यामुळे ज्या जागी दोन्ही पेट्यांपर्यंतच्या अंतरांत तीन मीटरांचा फरक पडतो, तेथे त्या कंप्रतेचे दोन तरंग एकमेकांना मारतात. मधल्या रांगेत छातीवर आदळणारा किक ड्रम चार पावले बाजूला सरकले की पोकळ ऐकू येतो, तो यामुळे. दोन्ही पेट्या मध्यभागी जमिनीवर लागून ठेवल्यास हे टळते आणि एका पेटीच्या तुलनेत सुमारे ६ डेसिबेलची वाढही मिळते. तीनपैकी एक पेटी उलट तोंडाने ठेवून तिचा संकेत उलटा व किंचित उशिरा दिल्यास मागे, म्हणजे कलाकारांकडे, जाणारा खर्ज बराच कमी होतो.

रागसंगीताच्या मैफलीत सबवूफरची गरज मर्यादित असते. डग्ग्याचा घुमारा त्याच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी येतो. तानपुऱ्याचा भोपळा व डग्गा मात्र पोकळ असल्याने बेसचा आवाज मायकात परत शिरून घूं-घूं सुरू होते. म्हणून गायक व तानपुऱ्याच्या मायकांचा आवाज ८० ते १०० हर्ट्‌झच्या खाली कापण्याची पद्धत आहे.

महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचे कार्यक्रम आणि मुंबई-कोकणातील बेंजो पथके हे या यंत्रणेचे ठळक उपयोजक होत. बेंजो पथकात बुलबुलतरंग, कीबोर्ड व ऑक्टोपॅड यांचा आवाज जनरेटरसह गाडीवर चढवलेल्या पेट्यांतून येतो. पश्चिम महाराष्ट्रात मिरवणुकीतील पेट्यांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. हे नाव चित्रपटगृहांच्या जाहिरातींतून आले असावे. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची पहिली ख्याती ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याबद्दल होती, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई असून राज्य शासनाला वर्षातील कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. सार्वजनिक जागेच्या सीमेवरील पातळी परिसराच्या मानकापेक्षा १० डेसिबेल जास्त किंवा ७५ डेसिबेल, यांपैकी जी कमी असेल तिच्या वर जाता कामा नये. हे मोजमाप ‘ए’ भारांकनाने होते व त्यात खालच्या कंप्रता मोठ्या प्रमाणात वजा होतात : ५० हर्ट्‌झचा १०० डेसिबेलचा स्वर मापकावर जेमतेम ७० दिसतो. खिडकीची तावदाने थरथरत असताना मापक मर्यादेच्या आत राहू शकतो, तो या वजावटीमुळे. खर्जाला जवळपास पूर्ण वजन देणारे ‘सी’ भारांकन त्यासाठी अधिक योग्य आहे. उपरोक्त मर्यादा मात्र ‘ए’ भारांकनातच नेमून दिलेल्या आहेत.