हुडहुडीवर पेथिडीन: एका उसन्या औषधाची पार्श्वभूमी

रिटुक्सिमॅब या काही कॅन्सरवरच्या अँटिबॉडी-औषधाची पहिली ड्रिप ताशी 50 मिलिग्रॅम अशा संथ वेगाने सुरू करतात. त्याआधी पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन देऊन झालेलं असतं. बराच वेळ काही होत नाही. मग पेशंट म्हणतो, "सिस्टर, एसी जरा कमी करा ना." बघता बघता दात वाजू लागतात, पलंग खडखडतो, दोन-तीन ब्लँकेटं टाकली तरी अंग थडथड उडत राहतं. ताप अजून चढलेलाही नसतो. ड्रिप थांबते, आणि बऱ्याच ठिकाणी 25 मिलिग्रॅमच्या आसपास पेथिडीन शिरेतून सावकाश दिलं जातं. काही मिनिटांत थरथर ओसरते. दुखण्यावरचं औषध थंडीवर कसं चाललं, हे कोडं मात्र नातेवाइकांना पडतं.

मुळात ते दुखण्यासाठीही शोधलं नव्हतं. 1930च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत, आय. जी. फार्बेनच्या हेक्स्ट इथल्या प्रयोगशाळेत ऑटो आइस्लेब अ‍ॅट्रोपिनसारखं, पोटातले पेटके सोडवणारं औषध शोधत होते. सहकारी शाउमान यांनी ते उंदरांना टोचलं, तर उंदरांच्या शेपट्या 'एस' अक्षरासारख्या वळून ताठ झाल्या. मॉर्फिन दिल्यावर होतं तेच हे. 1939मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि पोटाचं औषध वेदनाशामक म्हणून जगभर गेलं.

हुडहुडीशी त्याची गाठ पडली ती बुरशीमुळे. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं जालीम औषध 1950च्या दशकात आलं. ते चढवताना पेशंट इतके कापत आणि तापत, की अमेरिकेत त्याला 'शेक अँड बेक' असंच नाव पडलं. या थंडीवर पेथिडीन लागू पडतं, हे 1980मध्ये तिथल्या कॅन्सरतज्ज्ञांनी छापलं. भुलतज्ज्ञांनाही ऑपरेशननंतरच्या कापऱ्यावर तोच अनुभव येत होता. शरीर ज्या तापमानाला कापायला लागतं ती पातळीच हे औषध खाली आणतं, आणि हा गुण त्याच्यात इतर अफूवर्गीय औषधांपेक्षा ठळक आहे.

अँटिबॉडीची औषधं वापरात आली ती यानंतर. कोलर आणि मिलस्टाइन यांनी 1975मध्ये केंब्रिजमध्ये एकाच साच्याच्या अँटिबॉडी बनवण्याची रीत काढली. 1986मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली, प्रत्यारोपित किडनी शरीराने नाकारू नये म्हणून दिली जाणारी ओकेटी-3, उंदराची होती आणि पहिल्याच डोसला पेशंटला थंडी-तापाने हलवून सोडायची. 1997मध्ये रिटुक्सिमॅब आलं. ते बी-पेशींना (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) चिकटतं, पेशी फुटतात, सायटोकाइन नावाची दाह पेटवणारी रसायनं रक्तात उसळतात आणि मेंदूतला थर्मोस्टॅट वर सरकतो. शरीर आहे त्याच तापमानाला 'गार' समजू लागतं, म्हणून ताप येण्याआधी थंडी. मारायच्या पेशी पहिल्या वेळी सर्वांत जास्त, त्यामुळे त्रासही तेव्हाच जास्त. वॉर्डातल्या लोकांनी हे ओळखीचं कापरं पाहिलं आणि बुरशीच्या औषधाचा उतारा इथे वापरला. मला यात गैर काही दिसत नाही. फक्त ही रीत हातोहात पुढे गेलेली आहे, हे ध्यानात असावं.

कारण पेथिडीन गरीब औषध नाही. किडनी अधू असेल तर त्यातून बनणारं नॉरपेथिडीन साचून फिट येऊ शकते. 1984मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी ताप आणि झटक्यांनी दाखल झाली. ती नैराश्यावरचं फेनेल्झिन घेत होती. थरथर थांबावी म्हणून तिला पेथिडीन दिलं गेलं, आणि काही तासांत ती गेली. या दोन औषधांचं वैर घातक असतं. त्या प्रकरणातून पुढे निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली, तो वेगळा विषय.

आपल्याकडे रिटुक्सिमॅब आवाक्यात यायला सुरुवात झाली ती 2007मध्ये, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने रेडिटक्स आणल्यावर. पेथिडीन मात्र एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली. 2014च्या दुरुस्तीनंतर ज्या सहा औषधांची हॉस्पिटलपर्यंतची वाट सोपी झाली, त्यांत मॉर्फिन आहे, फेंटानिल आहे, हे नाही. म्हणून काही जण सिझेरियननंतरच्या कापऱ्यावर चालणारं ट्रामाडॉलच इथेही वापरतात. जिथे पेथिडीन आहे, तिथे ते कुलपात असतं. किल्ली इनचार्ज सिस्टरकडे, रजिस्टरमध्ये नोंद, वर सही, आणि तोवर पलंग खडखडतच असतो.