‘तकिट’मधला ‘कि’ गिळला की शफल

‘तकिट तकिट तकिट तकिट’ असं एका लयीत म्हणा आणि दर ‘त’ला मांडीवर थाप द्या. आता मधला ‘कि’ तोंडातल्या तोंडात गिळा. त्याची जागा मात्र सोडू नका. त–ट, त–ट, त–ट. ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकारातला शफल ठेका तो हाच. तबल्यात ज्याला तिश्र जाती म्हणतात त्यातलीच ही गंमत: मात्रेचे तीन भाग, पैकी पहिले दोन जोडलेले.

मिनिटाला 120 ठोके धरले तर एक ठोका 500 मिलिसेकंदांचा. त्याचे सरळ दोन तुकडे केले तर 250-250. शफलमध्ये तेच होतात 333 आणि 167. म्हणजे दुसरा स्वर जेमतेम 83 मिलिसेकंद उशिरा येतो, पण तेवढ्यानं मान डोलायला लागते.

बूगी-वूगी या ब्लूजच्याच नाचऱ्या शैलीत वाजवणाऱ्या पियानोवाल्यांच्या डाव्या हातातली ही चाल पुढे गिटारवर आली. 1950 च्या दशकात शिकागोत जिमी रीड गायचे, तेव्हा त्यांच्यामागे एडी टेलर गिटारवर हेच धरून बसायचे. करायचं काय, तर पाचवी तार मोकळी आणि तिच्या जोडीला चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) दाबलेली: त–ट. मग तीच चौथी तार चौथ्या फ्रेटवर: त–ट. पुन्हा मागे. खालचा स्वर 110 हर्ट्‌झवर ठाण मांडून, वरचा 165 आणि 185 च्या मध्ये येरझाऱ्या घालणारा. आपल्या भाषेत सा-प, सा-ध. बस, एवढंच! तेवढ्यावर अख्खी मैफल निघते.

कागदावर मात्र बरेचदा सारख्याच लांबीचे दोन स्वर लिहून वर नुसतं ‘शफल’ लिहितात. आळस म्हणा हवं तर, पण त्यात शहाणपण आहे. 2:1 हे प्रमाण हात काटेकोर पाळत नाहीतच. स्टॉकहोमच्या अँडर्स फ्रिबेर्ग आणि आंद्रेआस सुंडस्ट्रॉम यांनी शफलच्या सख्ख्या भावाचं, जॅझमधल्या ‘स्विंग’चं, मोजमाप 2002 मध्ये प्रसिद्ध केलं. ड्रमरांचे झांजेवरचे आघात मोजले, तर संथ लयीत प्रमाण 3.5:1 पर्यंत ताणलेलं आणि द्रुत लयीत 1:1 च्या जवळ आलेलं. मध्यम लयीच्या पुढे आखूड आघात 100 मिलिसेकंदांच्या आसपासच अडून राहतो. आक्रसतो तो लांब आघात.

पुन्हा ‘त–ट’ म्हणून बघा आणि लय चढवत न्या. एका टप्प्यावर जीभ ‘कि’ची जागा राखायला नकार देते आणि नकळत ‘तट तट तट’ सरळ चालू लागतं.