लुटणे आणि फोडणे : ‘रॉबरी’ व ‘बर्गलरी’ यांतील फरक

इंग्रजी बातमी मराठीत आणताना ‘रॉबरी’ आणि ‘बर्गलरी’ या दोन्ही शब्दांसाठी सर्रास ‘चोरी’ लिहिले जाते, आणि मजकूर थोडा जोरकस करायचा असेल तर दोन्हींचा ‘दरोडा’ होतो. वास्तविक या दोन गुन्ह्यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहेत आणि ते पोलीस ठाण्याच्या दप्तरात रोज वापरले जातात. रॉबरी म्हणजे जबरी चोरी, बर्गलरी म्हणजे घरफोडी. शब्द हाताशी असताना ते न वापरल्यामुळे वाचकाला घटना निराळीच समजते, हे मला खटकते.

हा फरक क्रियापदांत सर्वांत स्वच्छ दिसतो. मराठीत आपण वस्तू चोरतो, माणसाला लुटतो आणि घर फोडतो. ‘चोरांनी प्रवाशाला चोरले’ असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही हीच विभागणी आहे : ‘स्टील’चे कर्म वस्तू असते, ‘रॉब’चे कर्म बहुधा माणूस किंवा बँकेसारखी संस्था असते आणि ‘बर्गल’चे कर्म वास्तू असते. त्यामुळे ‘माझी पर्स रॉब केली’ ही इंग्रजी वाक्यरचना चुकीची ठरते. बंद घरात चोरी झाल्यावर इंग्रजी बोलणारेही बोलण्याच्या ओघात घर ‘रॉब’ झाले असे म्हणतात. पण न्यायालयात आणि काटेकोर लेखनात ते चालत नाही. ‘रॉब’ हा शब्द ‘रोब’ म्हणजे अंगावरील वस्त्र या शब्दाचा सख्खा नातलग आहे, कारण लुटीत अंगावरचे कपडेही उतरवून नेले जात. आपल्या ‘नागवणे’ या क्रियापदामागेही हेच चित्र आहे, आणि दोन्ही भाषांत त्या चित्राच्या मध्यभागी माणूस उभा आहे.

इंग्लंडच्या १९६८च्या चोरीविषयक कायद्यात हे भेद ओळीने मांडले आहेत. कलम ८ नुसार चोरी करताना किंवा तिच्या लगेच आधी, चोरी साधावी म्हणून, एखाद्यावर बळाचा वापर केला अथवा त्याला तत्क्षणी मारहाणीची भीती घातली, तर ती रॉबरी होते. कलम ९ मधील बर्गलरीत मात्र बळाचा प्रश्नच नाही. इमारतीत अनधिकाराने आणि चोरीसारख्या हेतूने शिरणे एवढ्यावर गुन्हा पुरा होतो. चोर कडी-कोयंडा उचकटून आत शिरला आणि कपाट उघडण्याआधीच पकडला गेला, तरी बर्गलरी झालेलीच असते. उलट, चाकू दाखवूनही हाती काही लागले नाही, तर तो केवळ रॉबरीचा प्रयत्न ठरतो. जुन्या इंग्लिश कायद्यात बर्गलरीसाठी राहते घर आणि रात्रीची वेळ या दोन्ही अटी होत्या. आता दोन्ही गेल्या आहेत, तरी शब्दकोशांतून ‘रात्रीची घरफोडी’ हा अर्थ अजून डोकावतो.

या बाबतीत लंडनचे हॅटन गार्डन प्रकरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०१५च्या ईस्टरच्या सुट्टीत एका टोळीने तेथील तळघरातील तिजोरीची जाड काँक्रीटची भिंत ड्रिलने पोखरली आणि सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांचा ऐवज नेला. कोणाला धाक दाखवला नव्हता, म्हणून खटला चालला तो बर्गलरीच्या कटाचा. राहत्या घराखेरीज अन्य इमारतीतील बर्गलरीला कमाल १० वर्षांची शिक्षा असल्याने २०१६ मध्ये मुख्य सूत्रधारांना सहा-सात वर्षांच्या आसपास शिक्षा झाल्या. आता ८ ऑगस्ट १९६३ रोजी ग्लासगोहून लंडनला निघालेली टपालगाडी अडवल्याचे प्रकरण शेजारी ठेवून पाहावे. तेथे सुमारे २६ लाख पौंड गेले आणि इंजिनचालक जॅक मिल्स यांच्या डोक्यावर प्रहार झाला. ती इतिहासात ‘ग्रेट ट्रेन रॉबरी’ म्हणूनच नोंदली गेली आणि अनेकांना ३० वर्षांच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. काळ वेगळा होता, पौंडाचे मोलही वेगळे होते, हे मान्य करूनही रॉबरीला आजही तेथे जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, ती माणसावर हात उगारला जातो म्हणून.

भारतात १८६०च्या दंडसंहितेपासून हीच रेघ आखलेली आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ मध्ये जबरी चोरीची व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. तिच्यातील दोन दृष्टांत फार बोलके आहेत. हमरस्त्यावर एकाने दुसऱ्याचे मूल उचलले आणि पैशांची थैली दिली नाहीस तर याला कड्यावरून खाली फेकीन असे धमकावून थैली घेतली, तर ती जबरी चोरी होते. मात्र मूल आमच्या टोळीच्या ताब्यात आहे, पैसे पाठव नाहीतर ते मारले जाईल, असे सांगून पैसे उकळले तर ती खंडणी होते. धमकी तितकीच भीषण असली तरी दुसऱ्या प्रसंगी मृत्यू त्या क्षणी समोर उभा नाही. घरफोडीही सहज जबरी चोरीत बदलू शकते. बंद घर समजून चोर आत शिरला, तेवढ्यात आतल्या खोलीतल्या आजी जाग्या झाल्या आणि त्याने कोयत्याचा धाक दाखवून त्यांच्या हातातील पाटल्या काढून घेतल्या, तर एकाच रात्री एकाच घरात दोन्ही गुन्हे घडतात आणि बातमीत दोन्ही शब्द यायला हवेत.

राहिला ‘दरोडा’. कायद्याच्या भाषेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली किंवा करू पाहिलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, आणि त्याला इंग्रजीने आपल्याकडूनच ‘डकॉइटी’ हा शब्द उसना घेतला. मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी पिस्तुलाच्या धाकाने सराफाला लुटले तर तो दरोडा नव्हे. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथे शेजारच्या गाळ्यातून भुयार खणून बँकेचे लॉकर फोडले गेले, तेव्हा आत एकही माणूस नव्हता आणि कोणाला धाकही दाखवला गेला नाही. अशा घटनेच्या मथळ्यात ‘बँकेवर दरोडा’ असे वाचले की डोळ्यांसमोर बंदूकधारी टोळी येते; ‘भुयार खणून बँक फोडली’ एवढे लिहिले, तर जे घडले तेच दिसते.