गोळी आत शिरल्यानंतरचा अर्धा मीटर

शिकारी काडतुसांच्या खोक्यावर दोन आकडे हटकून असतात: नळीच्या तोंडाशी गोळीचा वेग आणि तिची ऊर्जा. .३०-०६ स्प्रिंगफील्ड या रायफलच्या काडतुसाचं उदाहरण घेऊ. १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी साधारण ८२० मीटर प्रति सेकंद वेगानं निघते आणि तिची गतिज ऊर्जा ३,९०० ज्यूलच्या आसपास भरते. पण एल्क किंवा मूससारखा हरणांच्या कुळातला मोठा प्राणी किती लवकर आणि किती कमी यातना होऊन मरेल, हे या आकड्यांवरून कळत नाही. ते ठरतं गोळी अंगात शिरल्यावर पुढच्या अर्ध्या मीटरात काय करते त्यावर.

गोळीच्या धक्क्यानं प्राणी आडवा होतो, हा समज आधी बाजूला ठेवू. या गोळीचा संवेग जेमतेम ९.६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद आहे. तो सगळाच्या सगळा ३०० किलोच्या एल्कला मिळाला, तरी त्याला सेकंदाला तीन सेंटीमीटर एवढाच वेग येईल. रायफलचा दस्ता शिकाऱ्याच्या खांद्याला याहून थोडा जास्तच संवेग देतो आणि शिकारी उभाच असतो.

प्राणी मरतो तो रक्तस्रावानं. रक्तदाब कोसळतो, मेंदूचा प्राणवायू तुटतो. हृदय फुटलं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू असतो आणि तेवढ्यात प्राणी शंभर मीटरही धावू शकतो. जागीच कोसळतो तो मेंदू किंवा मानेच्या मणक्यातला मज्जारज्जू तुटला तरच. पण हे लक्ष्य लहान आणि सतत हलणारं; थोडं चुकलं तर जबडा मोडून प्राणी पळतो आणि उपासमारीनं मरतो. म्हणून नेम धरायचा तो हृदय आणि दोन्ही फुप्फुसांवर.

गोळी दोन प्रकारे इजा करते. तिच्या वाटेत आलेली ऊती चिरडली जाते, ती कायमची पोकळी. शिवाय भोवतालची ऊती काही मिलिसेकंद बाहेर ढकलली जाऊन परत येते, ती तात्पुरती पोकळी. स्नायू आणि फुप्फुस लवचिक असल्यानं हा ताण बराचसा सोसतात. यकृत सोसत नाही, फाटतं. कायमची पोकळी रुंद करायची तर गोळीचं तोंड उमलायला हवं आणि ते काम ओल्या ऊतीचा दाब करतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: ८०० मीटर प्रति सेकंदाला सुमारे ३२० मेगापास्कल, तर ५५० ला फक्त १५०. मऊ शिशाला एवढाही पुरतो, पण त्यावरचं तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण फाकवायला जोर लागतो. बहुतेक साध्या गोळ्या ५५० च्या खाली नीट उमलत नाहीत, पूर्ण तांब्याच्या अनेक गोळ्यांना ६०० च्या आसपास वेग लागतो.

अडचण अशी की उमलणं आणि खोल जाणं एकमेकांच्या विरोधात जातं. व्यास दुप्पट झाला की समोरचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि गोळी लवकर थांबते. उमलण्याचा एक फायदा मात्र सहसा कोणी सांगत नाही. नळीतल्या पेचदार आट्यांमुळे (दर २५.४ सेंटीमीटरला एक फेरा) ही गोळी सेकंदाला ३,२०० गिरक्या घेते. हवेत तिचं टोक समोर ठेवायला एवढं पुरतं, पण ऊती हवेच्या आठशे-नऊशे पट दाट असते. तिथे न उमललेली टोकदार गोळी, वजन मागे असल्यानं, उलटते आणि वाट सोडते. छत्रीसारखी उमललेली गोळी सरळ जाते. पूर्ण आवरणाची लष्करी गोळी अशी उमलत नाही. ती एक तर अरुंद भोक पाडून निघून जाते, नाही तर आत कोलांटते. म्हणूनच अनेक देशांत ती मोठ्या शिकारीला वापरायला बंदी आहे.

गोळी दोन टोकांना फसते. जवळून, ३०-४० मीटरवरून, पूर्ण वेगात खांद्याच्या हाडावर बसली, तर साध्या गोळीचा शिशाचा गाभा आवरणातून सुटतो. वर मोठी, भयानक दिसणारी जखम होते, पण ती उथळ असते आणि फुप्फुसं शाबूत राहतात. १९४६ मध्ये जॉन नोस्लर या अमेरिकी शिकाऱ्याला चिखलानं माखलेल्या मूसवर हाच अनुभव आला. त्यातून त्यांनी आवरणातच मधोमध आडवी भिंत ठेवलेली गोळी बनवली आणि ती १९४८ मध्ये विक्रीला आली. पुढचा भाग विस्कटतो, भिंतीमागचा अखंड राहून खोल जातो. पुढे गाभा आवरणाला सांधलेल्या गोळ्या आल्या आणि १९८९ मध्ये बार्न्स कंपनीची पूर्ण तांब्याची गोळी. तांब्याची गोळी वजन जवळजवळ अजिबात गमावत नाही. मात्र तांबं शिशापेक्षा हलकं असल्यानं तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला जास्त पिळाची नळी लागते. म्हणून तांब्यात एक पायरी हलकी गोळी घ्यावी.

दुसरं टोक लांबच्या अंतराचं. वरची १८० ग्रेनची टोकदार गोळी ३०० मीटरवर ६४० च्या आसपास येते. नळी खोक्यावरच्या चाचणीच्या नळीपेक्षा दहा सेंटीमीटर आखूड असेल, तर सुरुवातीलाच २५-३० मीटर प्रति सेकंद कमी धरावेत. म्हणजे तांब्याची गोळी जेमतेम उंबरठ्यावर असते. अंतराची मर्यादा हातातल्या रायफलचा वेग मोजून आणि कंपनीनं दिलेला किमान वेग पाहून ठरवावी. नेम बसतो म्हणून तेवढ्या लांबून गोळी झाडणं हे प्राण्यावर अन्याय करणं आहे.

प्राणी तिरका उभा असेल तर गोळी कुठे शिरेल यापेक्षा ती कुठून बाहेर पडायला हवी ते पाहावं: पलीकडच्या पुढच्या पायाची रेघ धरली की मध्ये छाती येते. आरपार गेलेली गोळी चांगली, कारण दोन भोकांतून रक्ताचा माग जास्त मिळतो. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचं, गडद तांबडं बहुधा यकृताचं. हिरवट आणि दुर्गंधीचं असेल तर गोळी पोटात बसली आहे. अशा वेळी लगेच पाठलाग केला की प्राणी उठून मैलभर जातो. कित्येक तास थांबावं लागतं.

शिशाचा आणखी एक प्रश्न आहे. हरणांच्या मृत देहांच्या क्ष-किरण चित्रांत शिशाचे बारीक कण जखमेच्या मार्गापासून १५ सेंटीमीटरांहूनही दूर सापडले आहेत. ते मांसात राहतात आणि टाकून दिलेल्या आतड्यांतून गिधाडवर्गी पक्ष्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियातल्या काँडोरच्या विषबाधेमागचं हे मोठं कारण होतं. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. जिथे शिसं चालतं, तिथेही जखमेभोवतीचं रक्ताळलेलं मांस सढळ हातानं कापून टाकावं, आणि ते धुण्याच्या भरीला पडू नये: पाण्यानं कण निघत नाहीत, पसरतात.