फ्रायरचं किटण घासून का निघत नाही

डीप फ्रायर रिकामा करून धुवायला घेतला की बरंचसं तेल गरम पाणी आणि भांड्याच्या लिक्विडने निघून जातं, पण जिथवर तेल भरलेलं असतं त्या रेघेवर, बास्केटच्या तारांच्या सांध्यात आणि हीटिंग कॉइलवर एक तपकिरी चकचकीत थर उरतो आणि तो काही केल्या हलत नाही. नखाने टोकरलं तर कोवळा थर मेणचट लागतो, जुना झालेला मात्र अगदी कडक. मग माणूस लिक्विड वाढवतो, घासणी बदलतो, जोर लावतो, आणि शेवटी हात दुखले की "राहू दे, आतून काय दिसतंय" म्हणून परत तेल ओततो.

गडबड अशी आहे की ते आता तेल राहिलेलंच नसतं.

तेलाचा रेणू म्हणजे ट्रायग्लिसराइड, ग्लिसरॉलच्या छोट्याशा कण्याला जोडलेल्या फॅटी अ‍ॅसिडच्या तीन लांब साखळ्या. फ्रायरमध्ये हे तेल १६० ते १९० अंश सेल्सिअसला तासन्तास तापत असतं आणि तेव्हा त्याच्यात तीन भानगडी एकदम चालू असतात. पदार्थातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि जाता जाता काही साखळ्या तोडतं, म्हणजे सुटी फॅटी अ‍ॅसिड तयार होतात. हवेतला ऑक्सिजन साखळ्यांमधल्या डबल बाँडच्या (कार्बनच्या दोन अणूंमधला दुहेरी जोड) शेजारी हल्ला करतो, तेल खवट होतं ते यामुळे. आणि तिसरं म्हणजे असे बिघडलेले रेणू एकमेकांना जोडले जायला लागतात, दोनाची जोडी, मग तिघं, मग मोठं जाळंच. याला पॉलिमरायझेशन म्हणतात, आणि हो, प्लास्टिकही याच नावाच्या प्रकाराने बनतं. भांडंभर तेलात हे हळू होतं पण धातूवर जिथे तेलाचा पातळ पापुद्रा लागलेला असतो तिथे उष्णताही भरपूर आणि हवाही भरपूर, त्यामुळे तिथे ते झपाट्याने होतं. तेलाच्या पातळीची रेघ सगळ्यात चिवट का, तर म्हणूनच.

ऑइल पेंटमधलं जवसाचं तेल "वाळतं" तेव्हा त्यातून काही उडून जात नाही, उलट ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचं असंच जाळं होऊन कडक पापुद्रा बनतो. बिडाच्या तव्याला तेल लावून तापवून जो काळा गुळगुळीत थर चढवतात तोही हाच. तव्यावर तो टिकावा म्हणून धडपड आणि फ्रायरमध्ये जावा म्हणून धडपड, रसायनशास्त्राला दोन्हीत काही फरक नाही. सूर्यफूल किंवा सोयाबीनच्या तेलात डबल बाँड जास्त म्हणून ती लवकर चिकट होतात, पामतेलात कमी म्हणून जरा उशिरा.

आता भांड्याचं लिक्विड इथे का हरतं ते बघा. लिक्विडमधल्या रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढतं आणि दुसरं तेलाकडे, ते तेलाच्या थेंबाला चारी बाजूंनी घेरतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात. पण त्यासाठी सुटा थेंब तरी पाहिजे ना. एकमेकांत गुंतलेलं जाळं धातूला धरून बसलंय, त्यातून उचलायचं काय? तारेच्या घासणीने थर खरवडला जातो हे खरं पण स्टीलवर चरे पडतात आणि पुढचं किटण त्या चऱ्यांत जास्त घट्ट बसतं, नॉनस्टिक कोटिंग असेल तर ते तर गेलंच. तुटलेल्या तारांचे तुकडे आत राहतात ते वेगळंच. आणि तांब्याची घासणी तर फ्रायरला लावूच नका, तांब्याचा अगदी किंचित अंशही तेलाचं ऑक्सिडेशन भराभर वाढवतो.

मग उपाय काय, तर जाळंच तोडायचं. या जाळ्यात रेणू एकमेकांना नव्या बंधांनी जोडले गेले असले तरी ग्लिसरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड यांच्यामधले जुने जोड, ज्यांना एस्टर बंध म्हणतात, ते बरेचसे तसेच शिल्लक असतात आणि गरम अल्कली (सोड्यासारखा, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) नेमका त्यांच्यावरच घाव घालतो. एस्टर तुटला की एका बाजूला ग्लिसरॉल आणि दुसऱ्या बाजूला फॅटी अ‍ॅसिडचा क्षार, म्हणजे साबण. कारखान्यात साबण बनतो तो असाच. चरबी ही मुळात ग्लिसरॉल आणि फॅटी अ‍ॅसिडची बनलेली असते हे मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने साबणाचाच अभ्यास करून दाखवलं, त्याचा ग्रंथ १८२३ सालचा आहे (हा गृहस्थ एकूण १०२ वर्षं जगला, साबण आणि चरबी मानवली म्हणायची). थोडक्यात, अल्कलीने फ्रायर साफ करणं म्हणजे किटणाचा जागच्या जागी साबण करणं.

कुठला अल्कली घ्यायचा? खायच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच (आम्लपणा-अल्कलीपणा मोजायचा आकडा) साधारण ८.३, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास आणि कॉस्टिक सोड्याचा १३-१४. ही मोजपट्टी अशी आहे की एक आकडा वाढला की अल्कलीपणा १० पट होतो, त्यामुळे खायचा सोडा या कामाला फारच मवाळ आहे. कॉस्टिक जबरदस्त आहे पण तो कातडीचाही साबण करतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, घरच्या फ्रायरसाठी त्याच्या वाटेला जायचं काही कारण नाही. धुण्याचा सोडा पुरतो. एक मात्र बघून घ्या, फ्रायरचा कुठलाही भाग अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर यातलं काहीच नको, अल्कली अ‍ॅल्युमिनियम खातो, ते काळवंडतं, आणि कॉस्टिक असेल तर हायड्रोजन वायूसुद्धा सुटतो.

मोठ्या किचनमध्ये जे बॉइल-आउट करतात ते हेच. तेल थंड करून काढून घ्यायचं, चुरा आणि गाळ पेपरने पुसून काढायचा, पाणी भरायचं पण काठापासून चांगलं खाली, लिटरला एक-दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाकायचा, आणि उकळी फुटायच्या जरा खाली म्हणजे ९० अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवायचं. उकळू द्यायचं नाही कारण आत साबण तयार होतोय, साबण म्हटल्यावर फेस आलाच, आणि तो कधी उतू जाईल सांगता येत नाही. म्हणून समोरून हलायचं नाही. काही कंपन्या त्यांच्या फ्रायरमध्ये पाणी तापवायला स्पष्ट नाही म्हणतात, तेव्हा मॅन्युअल बघा, तसं असेल तर बाहेर तापवलेलं सोड्याचं पाणी ओतून भिजत ठेवा, वेळ जास्त लागेल इतकंच. हातात ग्लोव्ह्ज हवेतच. आणि वायर, स्विच, कंट्रोलचा डबा हे पाण्यात बुडवायचे नसतात हे सांगायला लागू नये पण सांगतो.

अर्ध्या तासाने तपकिरी थर मऊ पडून साध्या नायलॉनच्या ब्रशने सुटायला लागतो. काळा, कोळशासारखा झालेला थर मात्र तितका ऐकत नाही, कारण तो इतका जळलेला असतो की तोडायला एस्टर बंध फारसे उरलेलेच नसतात, तिथे निव्वळ कार्बन. त्याच्या खालचा चिकट भाग विरघळला की तो खपल्यांनी निघतो, नाहीतर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा लागतो. म्हणजे वेळच्या वेळी तपकिरी असतानाच काढलेला बरा.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा जो उपाय सगळीकडे फिरतो त्याबद्दल मला फार आदर नाही. फसफसतं छान, बघायला मजा येते, पण एक अल्कली आणि एक आम्ल एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी, ज्याला किटणाशी काही देणंघेणं नसतं. बुडबुड्यांच्या धक्क्याने थोडा सुटा कचरा हलतो, बस. दोघांचंही काम आहे पण एकामागून एक. आधी सोडा, तो ओतून दिला की स्वच्छ पाणी, मग व्हिनेगर घातलेलं पाणी, मग परत स्वच्छ पाणी.

हे व्हिनेगरचं धुणं बरेचजण टाळतात आणि मग नवीन तेल लवकर खराब झालं म्हणून तेलाला नावं ठेवतात. धातूवर अल्कली राहिला तर तो नव्या तेलाचाही साबण करायला लागतो, आणि गरम तेलात किंचित साबण असला तरी बारीक, न फुटणारा फेस येतो, फेस म्हणजे हवेला जास्त पृष्ठभाग, म्हणजे अजून ऑक्सिडेशन. व्हिनेगर तो उरलेला अल्कली मारतं. ब्लीच मात्र नको, त्यातल्या क्लोरीनच्या संयुगांमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात.

धुऊन झालं की कोरडं करणं. इथे घाई केली तर महागात पडतं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे राहिलेला थेंब तेलाखाली जाऊन बसतो, आणि १ मिलिलिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० मिलिलिटर जागा मागते. चमचाभर पाणी म्हणजे आठ लिटरच्या वर वाफ, ती उकळत्या तेलाच्या तळातून वर येणार, सोबत तेल घेऊन. तळातला ड्रेनचा नळ, बास्केटच्या हँडलची पोकळी, कॉइलच्या खालची जागा इथे पाणी लपतं. पुसा आणि वर काही तास उघडं ठेवा. हीटर चालू करून वाळवायचा मोह होतो पण कॉइल तेलात बुडलेली नसताना चालू केली तर ती स्वतःच जळते.

कॉइलचाच विषय निघालाय तर, तिच्यावर चढलेलं किटण उष्णता नीट बाहेर जाऊ देत नाही. मग कॉइल आतून जास्त तापते, तिला चिकटून असलेलं तेल बाकीच्या तेलापेक्षा कितीतरी जास्त गरम होतं आणि अजून किटण चढतं. थर्मोस्टॅटच्या दांडीवरही तोच थर असतो, त्यामुळे तिला तापमान उशिरा कळतं, तुम्ही १८० लावलेलं असतं आणि तेल तोवर पुढे निघून गेलेलं असतं. ही दांडी हलक्या हाताने पुसायची, वाकवायची नाही. बऱ्याच फ्रायरमध्ये कॉइल तळापासून थोडी वर ठेवलेली असते ती मुद्दाम, गरम तेल वर जातं आणि कॉइलच्या खालचं तेल त्यामानाने थंड राहतं, तिथे पडलेला चुरा लगेच जळत नाही. पण गाळ साठत साठत कॉइलला टेकला की या सोयीचा काही उपयोग नाही.

म्हणून रोजचं काम एकच महत्त्वाचं, तेल गाळणं. तेल ५०-६० अंशांपर्यंत उतरू द्यायचं आणि पेपर किंवा जाड कापडातून गाळायचं, मग झाकून अंधाऱ्या थंड जागी, कारण उजेड आणि हवा दोन्ही ऑक्सिडेशनला मदत करतात. आणि काही तळायचं नसताना फ्रायर तसाच १८० वर ठेवू नका. तळत असताना निघणारी वाफ हवेला थोडंफार लांब ठेवते, रिकाम्या तापत्या तेलाला तेवढंही संरक्षण नसतं. तेल कधी टाकायचं याला बऱ्याच देशांत टोटल पोलर कंपाउंड्सची (तेल बिघडताना त्यात साठत जाणारे पदार्थ) मर्यादा आहे, २४ ते २७ टक्क्यांच्या दरम्यान. घरी मीटर नसतो, तिथे बारीक टिकणारा फेस, घट्टपणा, तिखट वास आणि आधीपेक्षा कमी तापमानाला येणारा धूर ही लक्षणं धरायची. सुटी फॅटी अ‍ॅसिड वाढली की धूर लवकर येतो.

धुरावर दुर्लक्ष झालं तर पुढे आग. ३५० अंशांच्या पुढे कुठेतरी तेल ठिणगीशिवाय आपोआप पेटतं. पाणी ओतायचं नाही, कारण वर वाफेचा हिशोब आलाच आहे. हाताला धोका नसेल तर वीज बंद आणि झाकण. तेलाच्या आगीसाठी वेगळे एक्स्टिंग्विशर असतात, युरोपात क्लास एफ आणि अमेरिकेत क्लास के, आणि त्यात पोटॅशियमचे अल्कली क्षार असतात. ते गरम तेलावर पडले की काय होतं? साबण. साबणाच्या फेसाची साय वर धरते, हवा तुटते, आणि पाण्याचा अंश तेल थंड करतो म्हणजे परत पेटत नाही.

हाच साबण नको तिथेही होतो. वापरलेलं तेल सिंकमध्ये ओतलं की गटारात सुटी फॅटी अ‍ॅसिड आणि काँक्रीटमधून, पाण्यातून येणारं कॅल्शियम एकत्र येऊन कॅल्शियमचा साबण बनतो, जो पाण्यात विरघळत नाही, दगडासारखा होतो. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात असा गोळा सापडला, त्यात वेट वाइप्सही होते, लांबी २५० मीटर आणि वजन १३० टन. तेव्हा तेल गार करून बाटलीत भरून द्या, बायोडिझेलसाठी ते घेतात.

राहिली तेल पुसलेली फडकी. ती चुरगाळून ढिगाने ठेवू नका. कापडावर पसरलेल्या तेलाला हवा भरपूर मिळते, ऑक्सिडेशनमधून उष्णता निघते, ढिगाच्या आत ती अडकते आणि वाढत जाते. धुतल्यावरही तेल पूर्ण गेलेलं नसेल तर ड्रायरमधून गरम गरम काढून घड्या घालून ठेवलेल्या टॉवेलांनी पुढे काही तासांनी पेट घेतल्याच्या घटना आहेत. फडकी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका.