करमत नाही, की नैराश्य?

मे महिन्याची सुट्टी संपते, पोरं पुण्या-मुंबईला परततात आणि सांगलीतलं घर खायला उठतं. आमच्या शेजारच्या आज्जींनी दोन दिवस लुडोचा पट उचललाच नव्हता. हरवलेल्या सोंगटीच्या जागी नातवानं ठेवलेला चिंचोका तसाच घरात बसलेला. तिसऱ्या दिवशी नातवाचा व्हिडिओ कॉल आला, "आज्जी, माझा चिंचोका हलवू नको हं!" आज्जी हसल्या आणि भडंगाला फोडणी द्यायला उठल्या.

याला करमत नसणं म्हणतात. आठवण येते, डोळे भरतात, पण माणूस जेवतो, झोपतो आणि पुढच्या फोनची वाट बघतो.

नैराश्य लांबून असंच दिसतं, पण तो आजार आहे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, कशातच मन लागत नाही. त्यात म्हातारी माणसं "मी उदास आहे" असं क्वचितच म्हणतात. पोट बरं नाही, कंबर धरली, पहाटे तीनला जाग येते, नावं आठवत नाहीत, अशाच तक्रारी असतात. ओळखीतल्या तासगावच्या एका आबांचं तसंच झालं. ऐन छाटणीत द्राक्षबागेकडं फिरकले नाहीत. नात धावत येऊन गळ्यात पडली, तर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडं वळले. पोरीला वाटलं, आबा रागावले. घरचे म्हणत राहिले, "नातवंडं आलीत, आता होतील बरे." या वाक्यापायी उपचाराला किती उशीर होतो! पोटाच्या तपासण्यांत काही निघालं नाही, तेव्हा कुठं मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं. थायरॉईड आणि बी-१२ कमी असलं तरी असंच दिसू शकतं, म्हणून रक्तही तपासतात. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात.

मग नातवंडांच्या मायेचा उपयोग नाही का? आहे, आणि मोठा आहे. अमेरिकेत बोस्टन कॉलेजच्या संशोधकांनी १९८५ ते २००४ या काळातली आजी-आजोबा आणि मोठ्या झालेल्या नातवंडांची माहिती तपासली. ज्यांचं नातं जवळचं, त्या दोघांतही नैराश्याची लक्षणं कमी दिसली. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: ज्या आजी-आजोबांना मदत नुसती मिळत होती, उलट काही देता येत नव्हतं, त्यांच्यात लक्षणं काळानुसार सर्वांत जास्त वाढली. आपण मात्र "आबा, तुम्ही बसा निवांत" म्हणत त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतो.

"जगून काय करायचं" असं कोणी बोललं, तर सुट्टीची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन मोफत आहे, रात्रीही लागतो.

आबांच्या गोळ्या अजून चालू आहेत. परवा नातीनं फोनवर विचारलं, "आबा, काडी किती डोळ्यांवर छाटायची?" आबा म्हणाले, "थांब, बागेत जाऊन दाखवतो," आणि कात्री शोधायला लागले.