फुलांसाठी स्फुरद? गांजाच्या झाडाचं उत्तर वेगळंच आहे

कुठल्याही नर्सरीत ‘ब्लूम बूस्टर’ नावाची बाटली किंवा पुडी हमखास मिळते. मोगरा कळ्या धरत नाही, गुलाब नुसताच पालवतोय अशी तक्रार केली की हीच पुडी पुढे येते. तिच्यामागचा समज आपल्या डोक्यात फार पूर्वी पक्का बसलेला आहे: नत्र (नायट्रोजन) पानांना, स्फुरद (फॉस्फरस) मुळांना आणि फुलांना, पालाश (पोटॅशियम) फळांना. शेतातही फुलोरा सुरू झाला की ०:५२:३४ या खताची फवारणी ठरलेली; हे आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के. या समजाची एक सुरेख परीक्षा काही वर्षांपूर्वी झाली आणि तिच्यात परीक्षेला बसलेलं झाड होतं गांजाचं.

आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे घरी गांजा लावणं हा गुन्हा आहे, कुंडीत एकच रोप असलं तरी. कॅनडाने मात्र ऑक्टोबर २०१८ मध्ये तो कायदेशीर केला आणि परवानाधारक हरितगृहं वाढली. या पिकात मादी झाडाचं फूल हेच सगळं उत्पन्न, त्यामुळे फुलांचं वजन हाच नफा. तोवर हे पीक बहुतांशी चोरून घेतलं जात असल्याने विद्यापीठांना त्यावर खताचे प्रयोग करणं अवघड होतं, आणि ती पोकळी बाटल्या विकणाऱ्यांनी भरून काढली होती. वाढीच्या काळात एक बाटली, कळ्या दिसल्या की दुसरी, शेवटच्या दोन आठवड्यांत तिसरी. फुलांच्या बाटलीत स्फुरद भरमसाट.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मातीविना वाढवलेल्या झाडांना फुलोऱ्याच्या काळात नत्र, स्फुरद आणि पालाश यांची वेगवेगळी मिश्रणं दिली. एकेक घटक सुटा न बदलता तिन्ही एकत्र बदलले, हे त्या प्रयोगाचं मोठं बळ. सर्वाधिक फुलं आली ती लिटरमागे साधारण १९४ मिलिग्रॅम नत्र आणि ५९ मिलिग्रॅम स्फुरद असताना. पालाश ६० पासून ३४० मिलिग्रॅमपर्यंत नेला तरी उत्पन्नात फरक पडला नाही. म्हणजे ऐन फुलोऱ्यातही झाडाला नत्र स्फुरदाच्या तिप्पट लागला!

आता खताची पिशवी हातात घ्या. ०:५२:३४ यातले ५२ टक्के हे शुद्ध स्फुरदाचे नसतात, ते ‘फॉस्फरस पेंटॉक्साइड’ या रूपात मोजलेले असतात. खरा फॉस्फरस काढायला ०.४४ ने गुणायचं, म्हणजे साधारण २३ टक्के. तरीही लिटरभर पाण्यात एक ग्रॅम टाकला की जवळजवळ २३० मिलिग्रॅम स्फुरद होतो, ग्वेल्फच्या आकड्याच्या चौपट. उलट कृषी सेवा केंद्रात मिळणारं साधं १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम घेतलं तर नत्र १९० आणि स्फुरद सुमारे ८३ मिलिग्रॅम येतो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतं, बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो, त्यामुळे मातीविना शेतीला ते एकटं पुरणार नाही. पण प्रमाणाच्या दृष्टीने हे सर्वांत साधं खत त्या महागड्या बाटलीपेक्षा झाडाच्या गरजेच्या कितीतरी जवळ आहे.

मग जास्तीचा स्फुरद झाडाला का नको असतो? वनस्पतिशास्त्रातला हा माझा सर्वांत आवडता भाग आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मूळ नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेटच्या रूपात, आणि स्फुरद घेतं ते फॉस्फेटच्या रूपात. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येतं. फॉस्फेट तसं येत नाही. ते मातीच्या कणांना घट्ट चिकटतं. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅल्शियम त्याला पकडतं, कोकणातल्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम. मातीच्या पाण्यात मोकळं फॉस्फेट लिटरमागे बहुधा एक मिलिग्रॅमही नसतं. मूळ आपल्याभोवतीचं ते संपवतं आणि त्याच्याभोवती एक-दोन मिलिमीटरचा उपाशी पट्टा तयार होतो. पलीकडून नवीन फॉस्फेट येतं ते मुंगीच्या पावलांनी.

आत घेणं तर आणखी कठीण. पेशीत फॉस्फेटचं प्रमाण बाहेरच्या हजारपट असू शकतं. शिवाय फॉस्फेट ऋणभारित आणि पेशीची आतली बाजूही ऋण, म्हणजे ती त्याला दूर ढकलते. म्हणून मूळ आधी एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून प्रोटॉन हे धनभारित कण बाहेर फेकतं. ते प्रोटॉन परत आत येऊ पाहतात, तेव्हा पडद्यातली वाहक प्रथिनं त्यांच्यासोबत फॉस्फेटलाही आत ओढून घेतात. फॉस्फेट मिळवण्यासाठी जे एटीपी खर्ची पडतं, त्याच्यातच तीन फॉस्फेट असतात!

इतकं महाग काम झाड विनाकारण करत नाही. स्फुरदाचा हिशेब पानं ठेवतात. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या प्रयोगशाळेच्या लाडक्या रोपात तो सविस्तर उलगडला आहे. पानात फॉस्फेट कमी पडलं की ‘मायक्रोआरएनए ३९९’ नावाचा छोटा आरएनए रेणू तयार होतो आणि रसवाहिनीतून खाली मुळांत उतरतो. मुळात ‘फो-२’ नावाचं एक प्रथिन असतं. फॉस्फेटच्या वाहक प्रथिनांची विल्हेवाट लावणं हे त्याचं काम. मायक्रोआरएनए येऊन या फो-२ ची निर्मिती रोखतो. मोडणाराच थांबला, त्यामुळे वाहक टिकतात आणि मूळ जास्त फॉस्फेट ओढतं. पोट भरलं की निरोप बंद, फो-२ परत कामाला लागतं, वाहक मोडले जातात. थोडक्यात, भरल्या पोटी झाड आपला दरवाजा स्वतःच आवळून घेतं. तुम्ही बाहेर कितीही ओता.

याच हिशेबावर आणखी एक गोष्ट अवलंबून असते. स्फुरद कमी असताना बहुतेक झाडांची मुळं मातीत ‘स्ट्रिगोलॅक्टोन’ नावाची रसायनं सोडतात. त्यांचा माग काढत मायकोरायझा बुरशी येते, मुळात शिरते आणि आपले तंतू त्या उपाशी पट्ट्याच्या कितीतरी सेंटिमीटर पलीकडे पसरून तिथलं फॉस्फेट आणून देते. बदल्यात साखर घेते. गांजाच्या मुळांतही ही बुरशी नांदते. मात्र स्फुरद मुबलक झाला की मूळ हे बोलावणं आखडतं घेतं. म्हणजे एकाच दुकानातून मायकोरायझाची पुडी आणि स्फुरदाचा बूस्टर घेऊन दोन्ही एकाच कुंडीत घालणारा माणूस दोन्हींचे पैसे वाया घालवतो. दुकानदाराने हे सांगायला हवं, पण कुणी सांगत नाही याची मला चीड येते.

जास्तीचा स्फुरद निरुपद्रवीही नसतो. लोह आणि जस्त त्याच्यामुळे अडतात, कोवळी पानं शिरांमधून पिवळी पडतात, आणि माळी ‘आणखी खत हवं’ असं समजून पुन्हा तेच देतो. उरलेला वाहून जातो. ओंटारिओची बरीच हरितगृहं इरी सरोवराच्या काठी आहेत, आणि त्या सरोवराला स्फुरदाचा जाच आधीच आहे, मुख्यतः अमेरिकेच्या बाजूने मॉमी नदीतून येणाऱ्या शेतीच्या पाण्यामुळे. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथे विषारी शेवाळ इतकं माजलं की अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या परिसरातल्या ४ लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं.

पूरक द्रव्यांच्या बाजारात याहून गंभीर प्रकारही झाले आहेत. कॅलिफोर्नियाच्या शेती खात्याला २०११ मध्ये अशा काही बाटल्यांत लेबलवर न लिहिलेली वाढरोधकं सापडली आणि विक्री थांबवावी लागली. त्यातलं एक होतं पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे कोकणातले बागायतदार हापूसला पावसाळ्यात मुळाशी घालतात ते कल्टार. ते जिबरेलिन हे संप्रेरक बनू देत नाही, झाड उंच वाढायचं थांबतं आणि मोहराकडे वळतं. आंब्याला ते जमिनीतून, शिफारशीच्या मात्रेत, फळ येण्याच्या कित्येक महिने आधी दिलं जातं. ज्या फुलाचा धूर थेट छातीत ओढला जाणार त्याला ते गुपचूप पाजणं ही निव्वळ फसवणूक आहे. गुळाच्या पाण्यासारखी ‘कार्बो’ बाटली त्यामानाने साधी: झाड साखर पानांत स्वतः बनवतं, बाटलीतली साखर मातीतले जीवाणू खातात.

मुळात फुलं कधी यायची ते खताने ठरतच नाही. गांजाचे बहुतेक वाण रात्र लांबली की फुलतात, म्हणून हरितगृहात १२ तास काळोख देतात. शेवंती त्याच जातकुळीची, म्हणूनच तिचा फुलोरा लांबणीवर टाकायला उत्पादक रात्री शेडमध्ये दिवे लावतात. मोगऱ्याचं गणित वेगळं. त्याला नव्या फुटीवर कळ्या येतात, त्यामुळे थंडीत छाटणी आणि रोज पाच-सहा तास कडक ऊन लागतं. तुमच्या गॅलरीत दुपारनंतरच ऊन येत असेल तर कुंडी गच्चीवर हलवा. माती वर्षानुवर्षे तीच असेल आणि शेणखत-गांडूळखत चालू असेल तर तिच्यात स्फुरद बहुधा साठलेलाच असतो. खात्री करायची असेल तर माती परीक्षण करून घ्या, आणि अहवालात स्फुरदापुढे ‘जास्त’ असं आलं तर पुडी परत करून फक्त नत्र द्या.